केवळाबाईनं हात न लावता उघडलेली तिजोरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्याला विचाराल तो म्हणणार, माझ्या आज्याचा आजा तिथं हजर होता. आता सगळ्यांच्या आज्यांचे आजे तिथं असते तर चावडीची भिंतच पडली असती. पण गोष्ट खरी आहे. म्हंजे, खरी आहे असं म्हणतात.

तर फार वर्षांपूर्वी आपल्या तांबेघोल गावात भातापेक्षा संशयाचं पीक बरं यायचं. भाताला निदान पाऊस लागतो, संशयाला तेवढंही लागत नाही. कुणाची कोंबडी अंडी घालायची थांबली, की शेजारणीनं नजर लावली. कुणी देवळात जरा जास्त वेळ हात जोडून उभा राहिला, की लोक म्हणायचे, ह्यानं काय करून ठेवलंय ते बघा रे. दोन माणसं बांधावर हसत बोलली, की तिसरा घरी जाऊन बायकोला सांगायचा, आपल्याबद्दलच बोलत होती.

आता ह्या गावाला सरकारनं दिली बंदूक. ठासणीची. गवे आणि डुकरं पिकं खातात, त्यांना हाकलायला. आणि गावातल्याच कुणी ती बंदूक पळवू नये म्हणून सोबत दिली लोखंडी तिजोरी. माणसापेक्षा उंच, दार हे एवढं जाड. घाट चढताना बैल बसले ते उठेनात, मग गावानं ती खांद्यावर आणली आणि चावडीत उभी केली. तिला एक चावी आणि एक मूठ. चावी फिरवली की कुलूप सुटायचं. मग मूठ खाली फिरवली की दाराच्या आतले लोखंडी अडसर मागं सरकायचे आणि दार उघडायचं. चावी असायची सुभानराव पाटलाच्या करगोट्याला. आंघोळीलाही तो ती सोडायचा नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळं गाव हत्यारं पुजायचं. कोयते, कुऱ्हाडी, विळे आणि मधोमध ती बंदूक. झेंडूचा हार, हळदकुंकू, मग पाटील हवेत एक बार काढायचा आणि कुत्री पार ओढ्यापलीकडं पळायची. दरवर्षी असंच.

मग एका वर्षी पाटील म्हणाला, बंदूक माझ्या स्वप्नात आली होती. म्हणाली, मला उन्हात काढू नका, मला बंदच पुजा.

आणि गावानं मान डोलावली. आपल्या गावाचं हे असं आहे बघा. शेजाऱ्यानं दिलेल्या ताकावर विश्वास नाही, पण बंदुकीच्या स्वप्नावर आहे.

त्या वर्षापासून तिजोरीचीच पूजा सुरू झाली. भिवा गुरवानं तेलात शेंदूर कालवला आणि दारावर थापला. पुढच्या खंडेनवमीला त्यावर आणखी थापला. दर वर्षी एक थर. दाराची फट बुजली, बिजागऱ्या बुजल्या, नुसती मूठ तेवढी नाकासारखी बाहेर राहिली. मग कुणीतरी नवस फेडायला चांदीचे डोळे आणून चिकटवले. चावीचं भोक होतं, ते झालं तोंड. त्यात बायका गूळ भरवायला लागल्या. देव झाला म्हटल्यावर नाव पाहिजे, म्हणून नाव पडलं बारोबा. बारोबाला कौल लावायचे, बारोबाची आण घालायचे. सरकारचा साहेब बंदूक तपासायला यायचा, पाटील त्याच्यासाठी कोंबडा कापायचा, गुरव मोठ्यानं आरती म्हणायचा, आणि साहेब बारोबाला नमस्कार करून, ढेकर देऊन परत जायचा. मुंग्या मात्र गूळ खाऊन चांगल्या जाड झाल्या होत्या, असं म्हणतात.

आता केवळा घिसाडीण.

घिसाडी म्हंजे गाडीवर भाता आणि ऐरण घालून गावोगाव फिरणारे लोहार. भात पिकायला लागलं की केवळा आणि तिचा नवरा खेमा आपल्या ओढ्याकाठी उतरायचे. विळे करायचे, कुऱ्हाडीला पाणी द्यायचे. खेमा तापलेलं लोखंड चिमट्यात धरून बसायचा आणि घण मारायची केवळा. तो घण आपल्या गावातल्या पैलवानांना उचलता यायचा नाही. ती त्यानं माशी मारायची, असं म्हणतात.

पण केवळा ध्यानात राहिली ती घणामुळं नाही. ती होती संशयी. आपलं गाव संशयी, पण तिच्यापुढं आपण म्हंजे शाळेतली पोरं. कुणी पाणी दिलं तर आधी देणाऱ्यालाच घोट घ्यायला लावायची. कुणी राम राम घातला तर मागं वळून बघायची, की नक्की कुणाला घातला. चालताना सावली पुढं पडली तर थांबायची आणि म्हणायची, तू जा पुढं, मी बघते तू काय करतेस ते. असं म्हणतात. आणि तिचं चुकत होतं असंही नाही. ज्या गावात जाईल तिथं, काहीही हरवलं की लोक पहिल्यांदा तिचीच गाडी उलथी करायचे. गाडीवाल्याला कुणी विश्वास वाढला नाही, तर तो त्याची चव कुठून घेणार.

तर त्या साली असं झालं, की एक एकटा गवा गावाच्या पाण्यावर येऊन बसला. कळपातून हाकललेला, एका शिंगाचा, चावडीएवढा. तो भातात लोळायचा. बायकांना झऱ्यावर जाऊ देईना. एका सकाळी त्यानं बैल जुंपलेली गाडी बैलांसकट उलटी केली आणि तिच्या चाकाला पाठ खाजवत उभा राहिला. मग गाव पाटलाकडं गेलं आणि म्हणालं, आता बारोबाला बाहेर काढा.

पाटील म्हणाला, बारोबाला आवडायचं नाही. लोक म्हणाले, आम्हाला गवा आवडत नाही. मग पाटलानं बारोबाच्या तोंडातला गूळ खरवडून चावी घातली. चावी फिरली. मूठ काही हलेना. गावातल्या दांडग्यांनी मुठीला लोंबकळून पाहिलं. एक जण मुठीवर चढून बसला. दार जागचं ढिम्म.

पाटील म्हणाला, बघा, देव नको म्हणतो.

पण कुणीतरी म्हणालं, ओढ्याकाठी घिसाडी उतरलाय, त्याला बोलवा. पाटलाला ते काही रुचलं नाही, पण गाव पळालं सुद्धा. खेमा आला. भोळा माणूस. बायकोत एवढा संशय भरला होता की त्याच्या वाट्याला काही उरलंच नसावं. त्यानं तिजोरीवर हात फिरवला, कान लावला, आणि मोठ्या खुशीनं म्हणाला, "उघडंल की. लय अवघड न्हाई."

झालं. ह्या एका वाक्यानं माणूस बुडाला.

पाटील उठून उभा राहिला. "ऐकलं का? देवाचं दार, आख्ख्या गावाला हललं न्हाई, आन हा म्हन्तो अवघड न्हाई. कशावरनं? तर ह्यानं आदीच उगडलंय. बंदूक नेली आसंल, आन दार जाम करून ठेवलं."

गावानं एकमेकांकडं पाहिलं. खरं तर ह्याच गावानं त्याला हाताला धरून आणला होता. पण संशय हा असा पाहुणा आहे, की एकदा ओट्यावर आला की चटई आपणच टाकतो. कुणी म्हणालं, तरीच काल हा चावडीकडं बघत होता. कुणी म्हणालं, तरीच माझं कुत्रं भुंकलं नाही. दुसरा म्हणाला, माझं भुंकलं, तरीच. खेमाला चावडीच्या खांबाला बांधलं. बाजारादिवशी फौजदार येणार, त्याच्या ताब्यात द्यायचं ठरलं. सरकारी बंदूक चोरली म्हणून फौजदारानं नेलेला घिसाडी कधी परत येतो, हे त्या काळी फौजदारालाही सांगता आलं नसतं.

केवळा आली. घण घेऊन नाही आली, रिकाम्या हातानं आली. नवऱ्याकडं बघितलं, तिजोरीकडं बघितलं, पाटलाकडं जरा जास्तच बघितलं. लोक म्हणाले, तुझ्या नवऱ्यानं चोरी केली नसेल, तर दार उघड आणि बंदूक आत आहे ते दाखव.

आता बघा हां, पेच काय आहे. तिला ते दार उघडता येत होतं, लोखंडाशी तिचा जन्मच गेला होता. पण तिनं उघडलं, तर लोक म्हणणार, हिला उघडता येतं, म्हंजे ह्यांनीच उघडलं होतं. आणि नाही उघडलं, तर नवरा चालला. घराला एकच दार आणि दोन्ही बाजूंनी गवा, असं झालं.

केवळा चावडीच्या मधोमध बसली. हात मागं केले. म्हणाली, "पाटील, माजे हात बांदा. तुमीच बांदा, दुसऱ्याची गाठ मला नगं."

लोकांना वाटलं बाई भ्रमली. पाटलानं हात बांधले. तिनं गाठ ओढून बघितली आणि म्हणाली, अजून घट्ट. पाटलानं घट्ट केली. मग ती म्हणाली, आता मी ह्या दाराला बोट लावणार नाही. तुम्हीच उघडायचं. मी नुसतं सांगणार.

मग तिनं माणसं निवडली. म्हणाली, मला दोघं दोघं पाहिजेत, पण ज्यांचं एकमेकांशी पटत नाही असेच, म्हंजे एकानं लबाडी केली की दुसरा बोंबलेल. ज्यांचं पटत नाही ते पुढं या.

आख्खं गाव पुढं आलं.

तिनं पहिल्यांदा घमेल्यांत गोवऱ्यांचा विस्तव आणायला लावला. बांधावरून भांडणारे दोन भाऊ एक घमेलं धरून दाराच्या फटीपाशी शेक द्यायला लागले. दुसऱ्या बाजूला असेच दोघे. शेंदूर तापला, घामेजला, चावडीत तेलाचा वास भरला. मग तिनं लाकडी मोगरीनं कडेकडेनं ठोकायला सांगितलं, हळू, जसं फणसाला वाजवून बघतात तसं. भिवा गुरव मधे पडला. म्हणाला, देवाची कातडी काढता, गावाचं वाटोळं होईल. केवळा म्हणाली, देव कधी ना कधी शेंदराची खोळ टाकतोच, तुमच्या डोंगरावरच्या म्हसोबानं टाकली तेव्हा तुम्हीच वाजतगाजत नदीत सोडली नव्हती का. गुरव बाजूला झाला, कारण सोडली होती.

ठोकता ठोकता एकदम कर्र झालं आणि आख्ख्या दारावरची खोळ एका तुकड्यात सुटली. तोंड, डोळे सगळ्यासकट, नुसतं नाक तेवढं दारालाच राहिलं. आणि पडली नाही. उभीच राहिली. आपल्या पायावर उभी राहिली आणि तिचे चांदीचे डोळे सरकत सरकत पाटलावर येऊन थांबले, असं म्हणतात. मी नव्हतो तिथं. पण पाटील मागं सरकला, हे सगळेच सांगतात.

केवळानं गुरवाला बोलावलं. म्हणाली, खोळ तुझ्या हातची, तूच बघ. दाराची फट जिथं होती तिथं आतून बाहेरून बघ. कुठं चीर आहे? कुठं सांधलंय? कुठं ताजा शेंदूर आहे?

गुरवानं नाक टेकवून बघितलं. झाडाच्या खोडात जशी वलयं असतात तसे थरावर थर होते, पहिल्या वर्षापासूनचे. सगळे अखंड. तिनं त्याला ते मोठ्यानं सांगायला लावलं. त्यानं सांगितलं, पहिला थर दिला तेव्हापासून हे दार कुणी उघडलेलं नाही, उघडलं असतं तर खोळ फुटली असती. बारोबाची आण घेतो.

गावाला हायसं वाटलं. म्हंजे खेमानं काही केलं नव्हतं. एकदोघं त्याच्या दोऱ्या सोडायला निघाले पण, आणि ज्याचं कुत्रं भुंकलं होतं तो म्हणाला, मला आधीच वाटलं होतं.

पण सगळ्यात मोठ्यानं बोलला पाटील. "सोडा त्याला. खरं-खोटं झालं. आता दार ऱ्हाऊ द्या, देव लय दमलाय."

आता तुम्ही मी असतो तर काय केलं असतं? नवऱ्याचा हात धरला असता आणि ओढा ओलांडला असता. खेमाही तेच म्हणाला, चल आता. पण ती केवळा होती. जो माणूस मघापर्यंत नवऱ्याला फौजदाराकडं द्यायला निघाला होता, तो आता सोडा म्हणतो, हे तिला पचेना.

तिनं विचारलं, "का ऱ्हाऊ दे?"

पाटील मुंडासं सारखं करायला लागला.

ती गावाला म्हणाली, आज आम्ही जाऊ. उद्या गवा अजून दोन गाड्या उलथवेल. मग तुम्ही दार उघडाल, आत काय असेल ते असेल, काय नसेल ते नसेल, आणि म्हणाल, काल घिसाडीण इथं बसली होती. तेव्हा आम्ही ओढ्यापार असू, आमच्या बाजूनं बोलायला कुणी नसेल. नाही. दार उघडा. माझ्यासमोर उघडा. माझे हात बांधलेले आहेत तोवर उघडा.

लोकांनी मूठ धरून ओढायला सुरुवात केली. केवळा म्हणाली, ओढू नका, ढकला. लोक म्हणाले, बाई, दार उघडायचंय, लावायचं नाही. ती म्हणाली, अडकलेलं दार जो तो आपल्याकडं ओढतो, म्हणून तर ते अडकून राहतं. ह्या दारावर आतून काहीतरी रेललंय. ते दाराला बाहेर ढकलतंय, म्हणून अडसर चौकटीत रुतलेत आणि मूठ फिरत नाही. तुम्ही दार आत दाबा, अडसर मोकळे होतील, मग मूठ फिरवा.

कुणीतरी विचारलं, बंदूक रेलली असेल का? केवळा म्हणाली, तुमच्यातल्यांनीच सांगा, बंदूक कशी ठेवायचे. म्हातारे म्हणाले, बंदूक तर मागच्या भिंतीच्या खाचेत बसवून वरून पट्टा लावायचे. ती कशी रेलेल.

सगळ्यांनी पाटलाकडं बघितलं.

मग गाव दाराला भिडलं. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं खांद्याला खांदा लावून दार दाबायला लागली, कारण दुसऱ्यानं जोर लावला नाही तर ते बघायला जवळच राहायला पाहिजे ना. केवळा म्हणाली, मूठ पाटलानं फिरवायची. पाटलानं मूठ धरली, दात खाल्ले, मान लाल केली आणि म्हणाला, हलत नाही. पण त्याची पाटलीण गोदाक्का शेजारीच उभी होती. नवरा जोर करताना कसा दिसतो आणि सोंग करताना कसा दिसतो, हे बायकोला कळतं. तिनं पदर खोचला, त्याला कोपरानं बाजूला केलं आणि मूठ फिरवली.

मूठ लोण्यातून फिरावी तशी फिरली.

आणि दार उघडलं. किती वर्षांचं गंजलेलं लोखंड ते. असा आवाज झाला, असा आवाज झाला, की चावडीची कौलं उडाली, गाभण म्हशी व्यायल्या आणि तीन डोंगर पलीकडं लोकांनी दारं लावून घेतली. झऱ्यावर बसलेल्या गव्यानं तो आवाज ऐकला, एका शिंगासकट उठला आणि जो सुटला तो सरळ घाट उतरून कोकणात गेला. असं म्हणतात. कोकणातले म्हणतात, आमच्याकडं कुठलाही गवा आला नाही. आता कोकणातल्यांवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं बघावं.

दार उघडलं तसं आतलं रेललेलं बाहेर पडलं आणि पाटलाच्या पायावर आदळलं. लाल कापडात गुंडाळलेलं, लांब, जड. भिवा गुरवानं हात जोडले. गावानं हात जोडले. कापड सुटलं.

मुसळ होतं. कांडायचं. बुडाला लोखंडी कडं आणि मधे धरून धरून झिजलेलं.

गोदाक्का खाली बसली. तिनं ते उचललं, झिजलेल्या जागी आपली मूठ ठेवून बघितली. मूठ बरोबर बसली.

"हे माज्या म्हायेरचं मुसळ हाय," ती म्हणाली.

मग सगळं निघालं. ते मुसळ हरवलं तेव्हा गोदाक्कानं जावेवर आळ घेतला होता. जावेनं तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली तरी ऐकलं नव्हतं. त्या मुसळावरून घरात दोन चुली झाल्या, मधे भिंत घातली, पोरांना एकमेकांकडं जायला बंदी झाली. आणि मुसळ इकडं चांदीच्या डोळ्यांच्या मागं बसून आरत्या ऐकत होतं.

पाटलानंही मग कबूल केलं. करतो काय. बंदूक खाचेत नव्हती, कुठंच नव्हती. मेव्हण्याला हौस म्हणून पाटलानं ती शिकारीला नेली होती, आणि कड्यावरून घसरताना बंदूक गेली दरीत आणि पाटील राहिला झाडाला अडकून. सरकारला कळलं तर पाटीलकी जाईल म्हणून भ्यायला. तिजोरी हलवली तर रिकामी वाजेल म्हणून मुसळ ठेवलं. मग देव केला. त्याला वाटलं होतं एखादं वर्ष निभेल. पण गावानं एवढी भक्ती केली, की मागं फिरायला वाटच राहिली नाही.

लोक पाटलावर धावून गेले. ज्यांनी नवस केले होते ते जास्तच. केवळानं त्यात लक्ष घातलं नाही. तिनं पाठ फिरवून आधी सगळ्यांना हातांची गाठ दाखवली, तीच आहे ना, पाटलाचीच आहे ना. मग सोडवून घेतली. मग खेमाला सोडवला.

गाव आता लय गोड झालं होतं. राहा म्हणाले. जागा देतो, घर बांधून देतो, गावची लोहारकी घ्या. केवळा ऐकत उभी होती. गोदाक्का ते मुसळ घेऊन आली, म्हणाली, हे तू ने, तुझ्यामुळं माझी जाऊ मला परत मिळाली. केवळानं मुसळाला हात लावला नाही. म्हणाली, "आज दिलंय म्हन्ता. उद्या म्हनाल, नेलंय."

आणि मग तिनं जे केलं, ते आपलं गाव अजून विसरलेलं नाही. तिनं आपली गाडी चावडीपुढं आणली आणि स्वतःच रिकामी करायला लागली. कुणी मागितलं नव्हतं. ऐरण उतरवली, भाता उतरवला, त्याचं कातडं उलटं करून झटकलं. चिमटे, हातोडे, पिठाची पिशवी, फाटकी वाकळ, सगळं एकेक करून मातीत मांडलं. पिठात हात घालून दाखवला. पदर झटकला. खेमाचं मुंडासं सोडून झटकलं. म्हणाली, नीट बघून घ्या, गावातली काडी तरी आहे का. लोक माना खाली घालून म्हणाले, बाई, लाजवू नकोस. ती म्हणाली, मान वर करा आणि बघा. आणि प्रत्येकानं बघितलं असं कबूल करेपर्यंत तिनं एक चिमटासुद्धा गाडीत परत ठेवला नाही.

मग त्यांनी गाडी भरली आणि ती ओढा ओलांडून गेली. परत कधी आली नाही. कुणी म्हणतं, ती दूर कुठं समुद्राकाठी म्हातारी झाली. कुणी म्हणतं, ती मेली तेव्हा यमानं दार उघडलं आणि म्हणाला ये, तर ती म्हणाली, आधी तू बाहेर ये. दोघं अजून तिथंच उभे आहेत, असं म्हणतात.

पाटलाची पाटीलकी गेली. तिजोरी मात्र चावडीतच आहे, तुम्ही बघितली असेल. तिचं दार परत कुणी लावलं नाही. आत कोंबड्या अंडी घालतात आणि त्या अंड्यांवरून अजूनही भांडणं होतात. मी म्हटलं ना, गाव तेच आहे.

पण खंडेनवमीला आपल्या गावात हत्यारांच्या पूजेआधी केवळाबाईचं उघडं असतं. सकाळी घराघरांतली कपाटं, पेट्या, डबे, देवळातली दानपेटी, सोसायटीचं लॉकर, सगळं सताड उघडं ठेवायचं आणि सूर्य मावळेपर्यंत कुणी कुणाच्याही घरात शिरून बघायचं. मोबाईलचं लॉक पण काढायचं का, ह्यावर ग्रामसभेत वाद चालू आहे. आणि एरवीही कुणी कुणावर चोरीचा आळ घेतला, की आळ घेणाऱ्याचेच हात आधी बांधतात आणि त्याच्या घराची झडती आधी होते. त्यामुळं गावात चोऱ्या कमी झाल्या का ते माहीत नाही, पण बोंबा मारणारे फार कमी झाले.

आणि अजून एक. घिसाड्यांची गाडी आली, हल्ली टेम्पो येतो, तर तो ओढ्यापाशी थांबतो. त्यांची कुणी झडती घेत नाही. उलट गाव आपली एक ट्रंक उचलून ओढ्यापर्यंत नेतं. पाटलाच्या घरची, कारण पाटीलकी गेली तरी हा मान त्यांचा. ट्रंक त्यांच्यापुढं ठेवतात, झाकण उघडतात, आतलं एकेक मातीत मांडतात. साड्या, कागद, औषधाच्या बाटल्या, जे असेल ते. मग पाटलांच्या घरची सून हात जोडून म्हणते, आमच्याकडं हे एवढं आहे, बघून घ्या, आणि पटलं तर उतरा.

त्यावर ते लगेच हो म्हणत नाहीत. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई खाली उतरते, ट्रंकेत वाकते, आणि तळाशी हात घालून नीट बघते.